रेडिओची सहा बटणं

आमच्या घरात कुणाला कुणाची दया येत नसे आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली माझी बोटं गेली, त्या संध्याकाळी वडील हॉस्पिटलात आले, पट्ट्या बांधलेल्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "डावा ना?" मी मान हलवली. "मग सही करता येईल," असं म्हणून ते बाहेरच्या बाकावर पेपर उघडून बसले. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. सही करता येत होतीच.

डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही अर्धी राहिली. कंपनीच्या मालकानं मोठं मन दाखवून मला स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला बसवलं. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधली पोरं मला आठबोट्या म्हणायला लागली. आई त्यांना ओरडायची, पण एकदा शेजारणीशी बोलताना तिच्याही तोंडून तेच नाव निघालं आणि मग ती घाईघाईनं आत निघून गेली. मला हसू आलं. मी स्वतःही त्या बोटांबद्दल फार हळवा नव्हतो. मला काळजी होती ती फक्त गिटारची.

ही गिटार म्हणजे पोरं गळ्यात अडकवून फिरतात ती नव्हे. मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. आवाज माणसाच्या गळ्यासारखा लांबतो. माझी गिटार मी कल्याणच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतली होती, तीही माझ्या वयापेक्षा जुनी. अपघाताच्या आधी ठाण्याच्या एका ऑर्केस्ट्रात मी ती वाजवायचो. खोपटच्या एसटी डेपोमागे एका गाळ्यात आमची तालीम चालायची. दिवसभर प्रेस, संध्याकाळी तालीम, आणि गणपती-नवरात्रात रोज कुठे ना कुठे स्टेज. घरात मी नापास झालेला, हातानं काम करणारा मुलगा होतो. स्टेजवर मात्र मी वाजवायला लागलो की खुर्च्यांवरची माणसं बोलायची थांबत. मला तेवढं पुरत होतं.

जखम भरल्यावर मी गपचूप सुरुवात केली. कांडी धरायला दोन बोटं कमी पडत होती, म्हणून मनगटी घड्याळाचा चामड्याचा पट्टा कापून तिला बांधला आणि तो तळहाताभोवती आवळला. आधी कांडी थरथरायची, सूर रडका लागायचा. वडील आतून विचारायचे, मांजर आलंय का. वर्षभरात मांजर गेलं आणि गाणं आलं, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

अडत होतं ते सूर लावायला. गिटारच्या डोक्यावर सहा तारांच्या सहा चाव्या असतात आणि प्रत्येक चावीच्या टोकाला पिळायला एक बटण. माझ्या गिटारची बटणं मूळची पिवळसर प्लॅस्टिकची होती. वयानं ती आक्रसली, तडकली आणि एकेक करून खडीसाखरेसारखी चुरा होऊन पडली. उरले लोखंडाचे बारीक खिळ्याएवढे दांडे. पूर्वी मी ते पक्कडीनं पिळायचो. आता डाव्या हातात पक्कड धरता येईना आणि अंगठा व अर्ध्या बोटाच्या चिमटीतून दांडा निसटायचा. उजव्या हातानं पिळावं तर तार छेडायची कुणी. म्हणून माझी धाकटी बहीण समोर बसून चाव्या पिळायची आणि मी तार छेडत सांगायचो, वर, अजून वर, बस. तिला सुराचा कान अजिबात नव्हता. थोडक्यात आवरायची तिला घाई असायची, त्यामुळे महिन्याला दोन तारा तरी तुटायच्याच. पण ती रोज बसायची, हे मान्य करायला हवं. बसता बसता माझी टिंगलही करायची. म्हणायची, तुझ्या लग्नात मंगळसूत्राची गाठपण मीच बांधायला येते.

गणपतीला काही महिने असताना मी खोपटला ऑर्केस्ट्राच्या मालकाकडे गेलो. त्यानं माझ्या जागी एक कीबोर्डवाला पोरगा घेतला होता, पण त्या पेटीतून गिटारचा आवाज काढला की ती शाळेतल्या घंटेसारखी वाजायची, आणि हे त्यालाही कळत होतं. मी वाजवून दाखवलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं. मग माझ्या पिशवीतली पक्कड बाहेर काढून टेबलावर ठेवली.

"ये क्या है? तू वादक आहेस का प्लंबर? हे बघ, वाजवतोस तू मस्त, बोटं गेलीत ते कळत पण नाही. पण दोन गाण्यांच्या मध्ये तुला स्वतःला सूर लावता आला पाहिजे. स्टेजवर तुझ्यासाठी अजून एक माणूस मी नाही बसवणार. ते जमव आणि गणपतीच्या आधी ये. जागा तुझी."

तो माणूस दुष्ट होता, पण शब्दाचा पक्का होता. मला त्या क्षणी त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

ठाण्यातल्या वाद्यांच्या दुकानात बटणं मिळेनात. दुकानदारानं गिटारकडे बघून नाक मुरडलं आणि नवीन घ्या म्हणाला. मग मी घरी प्रयोग सुरू केले. बहिणीच्या टूथब्रशची जाड दांडी कापली, चावीचा दांडा सोल्डरिंगच्या काडीनं तापवला आणि तुकडा त्यावर दाबला. दोन पिळांत तो उभा चिरला. बहिणीनं आठवडाभर बोटानं दात घासले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं कारण सांगितलं.

तेव्हा घरोघरी टीव्ही येत होते आणि जुने मोठे रेडिओ माळ्यावरून भंगारात चालले होते. डोंबिवली स्टेशनजवळच्या एका गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारा बसायचा, त्याच्याकडे मेलेल्या रेडिओंची रास होती. आवाज कमीजास्त करायची, स्टेशन लावायची ती बटणं मी हातात घेऊन पाहिली. जाड, काठावर खाचा असलेली, माझ्या अर्ध्या बोटालाही पकडता येतील अशी. सारखी सहा मिळायला बरेच खेटे घालावे लागले. शेवटी सायीच्या रंगाची, मधोमध पितळी टिकली असलेली सहा जमली. त्यांची भोकं माझ्या दांड्यांना फार मोठी होती, म्हणून कंपनीतल्या लेथवाल्याला चहा पाजून मी पितळेची सहा बारीक नळकांडी उतरवून घेतली. दांड्यावर नळकांडं, नळकांड्यावर बटण, आणि बटणाच्या कुशीतला बारीक स्क्रू आवळला की काम झालं. चाव्यांचे दात घासलेटनं धुतले, शिलाई मशीनचं तेल सोडलं. मग हौस वाढली म्हणून लाकडालाही पॉलिश केलं. तीच हौस मला नडली.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा एकट्यानं सूर लावला. थोटक्या बोटाची कड खाचेत बसली, अंगठ्यानं रेटा दिला आणि तार हलकेच वर चढली. बहीण सवयीनं समोर येऊन बसली होती. सहाही तारा लागेपर्यंत ती माझ्या बोटांकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे आता माझं काम संपलं." मी म्हटलं, संपलं. मला एवढा आनंद झाला होता की तिच्या तोंडाकडे मी नीट पाहिलंच नाही.

पुढच्या रविवारी तिला बघून गेलेली कल्याणची मंडळी लग्न पक्कं करायला आली. मुलगा बँकेत. गोरा, मऊ हाताचा, आणि बोलण्यापेक्षा हसून भागवणारा. मुलाची आई प्रत्येक वाक्यानंतर सांगायची की आमची काहीच अपेक्षा नाही. वडिलांचा चेहरा ते ऐकून दर वेळी थोडा उतरायचा, कारण अपेक्षा सांगणाऱ्यांशी घासाघीस करता येते, न सांगणाऱ्यांशी नाही. गिटार कॉटवर ठेवलेली होती. पॉलिश केलेलं लाकूड, सायीच्या रंगाची बटणं आणि त्यांतल्या पितळी टिकल्या, सगळं डोळ्यांत भरत होतं. मुलानं जवळ जाऊन एक बटण पिळलं. माझी तार उतरली.

"किती सुंदर आहे," तो म्हणाला. "मला केव्हाची शिकायचीय."

त्याची आई लगेच म्हणाली, आमच्या ह्याला लहानपणापासून भारी हौस, पण जमलंच नाही कधी. आणि ती थांबली. वडिलांकडे पाहत थांबली. त्या थांबण्याचा अर्थ आमच्या खोलीतल्या भिंतीलाही कळला असता.

"मग आता जमवू की," वडील म्हणाले. "जावयाची हौस आम्ही नाही पुरवायची तर कुणी?"

ते लोक जिना उतरेपर्यंत मी थांबलो. मग विचारलं, गिटार माझी आहे, तुम्ही देणारे कोण. वडील शर्ट काढून खुंटीला अडकवत होते. त्यांनी वळून बघितलंही नाही. महिनाभरापूर्वी ती भंगार होती, म्हणाले, आता जरा दिसायला बरी झाली तर लगेच तुझी इस्टेट झाली का. मी ऑर्केस्ट्राचं सांगितलं. गणपतीच्या आधी बोलावलंय, जागा माझी आहे, हे सांगितलं. सांगताना माझा आवाज फाटला आणि त्याचा मला अजून राग येतो.

"तुला त्यानं दयेपोटी सांगितलं असेल," वडील म्हणाले. "तुझं लग्न आता व्हायचं नाही हे तुलाही माहीत आहे. हिचं तरी नीट होऊ दे."

आई कपबशा गोळा करत होती. ती मध्ये पडली ती एवढंच म्हणायला, की उरलेली बिस्किटं डब्यात ठेवू का. बहीण गॅलरीत उभी होती. मी तिच्याजवळ गेलो, म्हटलं तू सांग त्यांना. तू सांगितलंस तर ऐकतील. ती खाली रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघत राहिली आणि म्हणाली, बघते. तिनं काहीच बघितलं नाही. पण मी मूर्ख, शेवटपर्यंत त्या एका शब्दावर विसंबून राहिलो.

लग्न डोंबिवलीतच एका हॉलमध्ये झालं. हॉलच्या कोपऱ्यात रुखवत मांडलं होतं. आमच्याकडे मुलीनं केलेल्या आणि तिला माहेरहून मिळालेल्या वस्तू अशा मांडून ठेवतात, म्हणजे बायकांना जेवण पानात पडेपर्यंत बोट ठेवायला जागा मिळते. क्रोशाचे रुमाल, नारळाला नाकडोळे चिकटवून केलेले नवरा-नवरी, साखरेची तुळस, आणि मधोमध, टेबलावर लाल सॅटिन अंथरून, माझी गिटार. तिला पुठ्ठ्याची पाटी लावली होती, "वधूच्या भावाकडून सप्रेम भेट." अक्षर वडिलांचं होतं. बायका येऊन वाचायच्या आणि मग मला शोधून माझ्या हाताकडे बघायच्या. एकीनं तर डोळे पुसले.

मी ऑर्केस्ट्राच्या मालकाला आमंत्रण दिलं होतं. तेही बहिणीच्या त्या ‘बघते’वर विसंबून. बटणं बसवलेली गिटार तो बघेल, हॉलवरच चार सूर वाजवून दाखवू, असा माझा बेत होता. तो सफारी घालून आला आणि पुढच्या रांगेत बसला. मी त्याच्याकडे गेलोच नाही.

लाजाहोमाला भटजींनी वधूच्या भावाला हाक मारली. बहिणीच्या ओंजळीत मी लाह्या घालायच्या आणि तिनं त्या होमात सोडायच्या. माझ्या डाव्या हातातून लाह्या सांडत होत्या, तेव्हा तिनं ओंजळ माझ्या हाताखाली नेमकी सरकवून धरली. एवढी तिला माझ्या हाताची सवय होती. मग भटजी म्हणाले, आता कानपिळी. म्हणजे भावानं नवऱ्या मुलाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ अशी तंबी द्यायची, आणि नवऱ्याकडच्यांनी भावाला मानाचं कापड देऊन आपला कान सोडवून घ्यायचा. गमतीचा विधी. फोटोग्राफर पुढे आला. लोक हसायच्या तयारीत होते.

मी मुद्दाम डावा हात पुढे केला. बटणं पिळून पिळून त्या थोटकाला जोर आला होता. नवऱ्या मुलाचा कान मी अंगठा आणि अर्ध्या बोटात धरला आणि पिळला. लोक हसले. तोही हसला. त्याच्या मामानं शर्टाच्या कापडाचं पाकीट पुढे केलं.

"कापड नको," मी म्हटलं. "माझी गिटार द्या."

लोक अजून हसले. कुणीतरी म्हणालं, भारी आहे हां भाऊ. नवरा मुलगा मान वाकडी करून म्हणाला, "अहो, तुमचीच आहे. कधीही घरी या आणि वाजवा."

"येऊन नाही. आज घेऊन जाणार."

मी अजून पिळला. त्याचं हसू गेलं. त्याचा कान लाल झाला होता आणि त्याचा हात माझ्या मनगटावर आला, पण त्याला तो सोडवता येईना. मला त्याचा राग नव्हता. पण त्याला दुखतंय हे बघून बरं वाटत होतं. हसणं रांगेरांगेनं बंद झालं. वडील मांडवाच्या खांबाशी उभे होते. सगळ्यांसमोर ते नाही म्हणू शकत नव्हते. प्रथाच अशी आहे की त्या वेळी भाऊ मागेल ते द्यायचं. मुलाच्या आईला हे माझ्याइतकंच कळत होतं, कारण तिनं गिटारकडे एकदा बघितलं आणि मग भटजींकडे. आणखी थोडा वेळ, आणि ती हो म्हणाली असती. मी शपथेवर सांगतो, ती हो म्हणणार होती.

बहिणीनं माझ्याकडे बघितलं नाही. ती सासूकडे वळली आणि अगदी हळू, समजूतदार आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही मनावर घेऊ नका. अपघातापासून याचं असं होतं कधी कधी. याला आता वाजवता येत नाही ना. सूरसुद्धा मीच लावून द्यायचे."

सासूच्या चेहऱ्यावर एकदम कणव आली. पुढच्या रांगेतून कुणीतरी च् च् केलं. नवऱ्या मुलानंही माझ्या मनगटावरचा हात सैल केला आणि तसाच ठेवला, आजाऱ्याला धीर द्यावा तसा. जोरानं सोडवला असता तर मी सोडला नसता. त्या हातापुढे मात्र माझी चिमटी आपोआप सुटली. मामानं पाकीट माझ्या काखेत खोचलं आणि फोटोग्राफरनं फोटो काढला. भटजींनी पुढचा मंत्र सुरू केला.

ऑर्केस्ट्राचा मालक जेवून निघाला तेव्हा दारात मला भेटला. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, खोटं आहे ते, मला वाजवता येतं, तुम्हीच तर ऐकलंत. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो कधी कुणाच्या खांद्यावर हात ठेवणारा माणूस नव्हता, त्यामुळे तो बोलण्याआधीच मला समजलं.

"हां, हां, माहितीय मला," तो म्हणाला. "पण तू आधी तब्येतीचं बघ. ये साल वो कीबोर्डवाला कर लेगा. टेन्शन नको घेऊ."

पाठवणीच्या वेळी संध्याकाळ झाली होती. गाडीच्या टपावर बॅगा बांधल्या होत्या आणि मागच्या सीटवर लाल सॅटिनमध्ये गुंडाळून गिटार ठेवली होती. बहीण आईच्या गळ्यात पडून रडली, वडिलांच्या पाया पडून रडली आणि मग माझ्याकडे आली. माझ्या पाया पडली आणि खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. ते रडणं खरं होतं. तिच्या घरातून ती निघाली होती आणि मी तिचा एकुलता एक भाऊ होतो. मलाही रडू आलं असतं, पण मी ते येऊ दिलं नाही.

"दादा," ती कानाशी म्हणाली, "यांना काहीच येत नाही रे त्यातलं. रविवारी येशील ना, सूर लावून द्यायला?"

मी तिचं डोकं खांद्यावरून बाजूला केलं आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मी कशाला? तूच लाव की. इतके दिवस तूच लावत होतीस ना?"

तिचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग सासूकडे, मग जमिनीकडे. सासूनं तिला दंडाला धरून गाडीत बसवलं. गाडी कल्याणच्या दिशेनं निघाली तेव्हा मागच्या काचेतून ती वळून बघते का, हे मी शेवटपर्यंत पाहत होतो. तिनं वळून बघितलं नाही.

मला फार बरं वाटलं. मी हॉलमध्ये परत गेलो, बसलो आणि दोन वेळा जिलबी मागून घेतली.